विमागणिताची जन्मकथा

गणित घेऊन बी.एस्सी. झालेला मुलगा किंवा मुलगी आता बहुतेक गावांत सापडते. पुढे काय, असा विषय घरात निघाला की शिक्षकी, बँक, स्पर्धा परीक्षा ही ठरलेली उत्तरे पुढे येतात. एखादी मुलगी मात्र म्हणते, ‘मी विमागणितात पदव्युत्तर पदवी घेणार.’ वडील विचारतात, ‘म्हणजे विम्याची एजंट होणार का गं?’ मुलगी नाही म्हणते. पण म्हणजे नेमके काय होणार, हे तिलाही चार वाक्यांत सांगता येत नाही. तिचा त्यात दोष नाही. ही विद्या चार वाक्यांत मावणारी नाही. तिची गोष्ट मात्र सांगता येते, आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

विमागणिती, ज्याला इंग्रजीवरून आपण ॲक्च्युअरी म्हणतो, त्याचे काम थोडक्यात असे: पुढे केव्हातरी द्यावा लागणारा पैसा आज किती बाजूला ठेवला म्हणजे पुरेल, ते काढणे. माणूस केव्हा मरेल हे कोणालाच माहीत नाही. पण हजार माणसांतली किती माणसे या वर्षी मरतील, हे बरेचसे सांगता येते. साऱ्या विद्येचे बीज एवढेच. विद्यार्थ्याला अभ्यासाच्या सुरुवातीलाच एक कोष्टक भेटते. डावीकडे वय, उजवीकडे त्या वयापर्यंत हयात राहिलेल्यांची संख्या. बस्स. पाढ्यांच्या पुस्तकासारखे साधे दिसणारे हे कोष्टक पहिल्यांदा तयार व्हायला मात्र माणसाला हजारो वर्षे लागली, याचे नवल वाटते.

लंडन शहरात प्लेगच्या भीतीपोटी दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. लोक त्या वाचत, हळहळत आणि टाकून देत. जॉन ग्राँट नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने मात्र जुन्या याद्या जमवल्या, बेरजा मांडल्या आणि १६६२ मध्ये पुस्तक काढले. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सहाव्या वर्षापर्यंत ६४ उरतात, सोळाव्यापर्यंत ४०, असा त्याचा हिशेब होता. त्यात अंदाजाचा भाग मोठा होता, कारण त्या याद्यांत मृताचे वयच लिहिलेले नसे. तरी मरणाला काही हिशेब असतो, हे दाखवून देणारा माणूस तोच.

वय लिहिणारी वही मिळाली ती दुसरीकडेच. ब्रेस्लाउ नावाचे शहर, आज ते पोलंडात आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. तिथे कास्पार नॉयमान नावाचे धर्मोपदेशक होते. त्या काळी तिकडच्या लोकांची अशी समजूत होती की सात आणि नऊ या आकड्यांच्या पटीतली वर्षे माणसाला घातक. एकोणपन्नासावे वाईट, त्रेसष्टावे त्याहून वाईट. आपल्याकडे साडेसातीची धास्ती घेतात, तसाच प्रकार. नॉयमान यांनी वाद घातला नाही. चर्चच्या दप्तरातून मृतांची वये उतरवून काढली आणि दाखवले, की त्या वर्षांत काही जास्त माणसे मरत नाहीत. हे कागद पत्रव्यवहारातून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेले, आणि तिथे ते एडमंड हॅली यांच्या हाती पडले. धूमकेतूचे हॅली, तेच हे.

हॅली यांनी १६८७ ते १६९१ या पाच वर्षांच्या नोंदी घेतल्या. वर्षाला सरासरी १,२३८ जन्म आणि १,१७४ मृत्यू. जन्मलेल्या १,२३८ पैकी ३४८ मुले वर्षाच्या आतच दगावत. १६९३ मध्ये त्यांनी आपले कोष्टक छापले. सुरुवातीला १,००० मुले धरली तर विसाव्या वर्षी ५९८ उरतात, तिसाव्या वर्षी ५३१, पन्नासाव्या वर्षी ३४६, सत्तराव्या वर्षी १४२.

आता हे कोष्टक कामाला कसे येते ते पाहा. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात फळ्यावर घालून बघावे, मुलांना जमते. हॅलींच्या कोष्टकात तीस वर्षांची ५३१ माणसे आहेत आणि एकतीस वर्षांची ५२३. म्हणजे वर्षात ८ गेली. समजा, या ५३१ जणांनी ठरवले की जो जाईल त्याच्या घरी शंभर रुपये द्यायचे. आठशे रुपये लागतील. प्रत्येकाच्या वाट्याला दीड रुपया. आता पन्नाशीचे लोक घ्या. ३४६ जण आहेत, वर्षअखेर ३३५ उरतात. अकरा घरांना अकराशे रुपये द्यायचे, म्हणजे माणशी तीन रुपये अठरा पैसे. साठीत हाच आकडा चार रुपये तेरा पैशांवर जातो. तिशीतल्या आणि साठीतल्या माणसाकडून सारखीच वर्गणी घेतली, तर काय होईल? तरुण म्हणेल, मी या म्हाताऱ्यांसाठी का भरू? तो निघून जाईल. म्हातारे राहतील, वर्गणी वाढेल, आणखी लोक निघतील, आणि शेवटी ज्यांनी सर्वांत जास्त वर्षे भरले त्यांच्याच बायकापोरांच्या वेळी पेटी रिकामी. मदतीचे असे फंड कितीतरी देशांत निघाले आणि बुडाले. चालवणारे लबाडच होते असे नाही; पुष्कळ ठिकाणी माणसे प्रामाणिक होती, कोष्टक तेवढे नव्हते.

सरकारेही यात फसत. त्याच सुमारास इंग्लंडचे सरकार कर्ज उभारण्यासाठी वर्षासने विकत होते. एकदा ठोक रक्कम द्या आणि तहहयात दरसाल १४ टक्के घ्या. वय कोणी विचारत नसे. म्हणजे शंभराच्या वर्षासनाला सुमारे सातशे. हॅली यांनी सहा टक्के व्याज धरून दाखवले, की दहा वर्षांच्या मुलाच्या नावाने असे वर्षासन घ्यायचे तर त्याची खरी किंमत साडेतेरा पट होते, आणि सत्तर वर्षांच्या माणसाच्या नावाने सव्वापाच पट. सरकार दोघांकडून सात पटच घेत होते! पुढच्या शतकात फ्रान्सच्या सरकारनेही वयाची चौकशी न करता वर्षासने विकली. तेव्हा जिनिव्हाच्या सावकारांनी देवी येऊन गेलेल्या, धडधाकट अशा लहान मुली निवडल्या आणि त्यांच्या नावावर वर्षासने घेतली. त्या मुलींची प्रकृती सावकार किती जपत असतील, कल्पना करा.

आपल्या इतिहासातही वर्षासन होते. लढाईत पडलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी मराठ्यांच्या राज्यात ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून देत. त्यामागची माया मोठी होती. पण ती धन्याच्या मर्जीवर आणि खजिन्यावर अवलंबून. खजिना आटला की नेमणूक आटली. मागून घ्यावी लागणारी मदत आणि हक्काने येणारी मदत, यांत जो फरक आहे तो गणिताने पडतो. याचे फार चांगले उदाहरण स्कॉटलंडात सापडते.

तिथले धर्मोपदेशक खेडोपाडी राहत. घर चर्चचे, पगार बेताचा. माणूस गेला की विधवेला पोराबाळांसह घर सोडावे लागे. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर हे दोघे स्वतः धर्मोपदेशकच. त्यांनी गावोगाव पत्रे पाठवून विचारले, तुमच्याकडे गेल्या वर्षांत किती उपदेशक वारले, मागे बायको राहिली का, मुले किती, विधवा पुढे किती वर्षे जगली. उत्तरे जमवून त्यांनी आकडा काढला, की सुमारे ९३० उपदेशकांपैकी वर्षाला २७ जातील आणि त्यांतल्या १८ जणांच्या मागे विधवा राहतील. एडिंबरोचे गणिताचे प्राध्यापक कोलिन मॅक्लॉरिन यांनी हिशेब तपासून दिला, आणि १७४४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने फंड सुरू झाला. विद्यापीठांतले प्राध्यापकही त्यात घेतले होते. आधी वर्गणी, तिचे भांडवल, भांडवलाचे व्याज आणि त्यातून विधवांना वर्षासन, अशी रचना. १७६५ साली फंडात ५८,३४८ पौंड असतील असा त्यांचा अदमास होता. त्या वर्षी मोजले तेव्हा ५८,३४७ निघाले. एका पौंडाचा फरक! यात थोडा दैवाचा हात आहे असे मला वाटते. वीस वर्षांचा अदमास इतका तंतोतंत उतरत नसतो. पण फंड टिकला तो दैवाने नव्हे. पत्रांची उत्तरे खरी होती म्हणून टिकला.

एकरकमी विम्याचे गणित लंडनमध्ये जमले. जेम्स डॉडसन नावाचे गणिताचे शिक्षक विमा उतरवायला गेले, तर पंचेचाळिशी उलटली म्हणून त्यांना परत पाठवले. त्यांनी विचार केला, वय जास्त असेल तर हप्ता जास्त घ्या, नाही का म्हणता? आणि प्रत्येक वयाचा असा हप्ता त्यांनी काढून दाखवला, की तो जन्मभर तेवढाच राहावा. तरुणपणी जरा जास्त भरायचे, ती शिल्लक म्हातारपणी कामाला येते. आजची विम्याची पॉलिसी याच तत्त्वावर उभी आहे. डॉडसन १७५७ मध्ये वारले. त्यांच्या हिशेबावर इक्विटेबल नावाची संस्था निघाली ती १७६२ मध्ये. तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला एक जुने लॅटिन वळणाचे नाव दिले, ॲक्च्युअरी. मूळ अर्थ दप्तर लिहिणारा, म्हणजे आपला कारकून. जाता जाता सांगतो, या डॉडसन यांचे पणतू म्हणजे ऑगस्टस डी मॉर्गन हे थोर गणिती. त्यांचा जन्म १८०६ चा, आपल्या मदुराईतला.

पण कोष्टक चुकले तर काय होते, हेही विद्यार्थ्याला शिकावे लागते. रिचर्ड प्राइस यांनी नॉर्दॅम्प्टन गावच्या नोंदींवरून एक कोष्टक केले आणि ते फार गाजले. त्यात एक खोट होती. जन्मांचा आकडा बाप्तिस्म्याच्या वहीतून घेतला होता, आणि त्या गावात असे पंथ होते की जे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नसत. मेलेल्यांची नोंद होई, जन्मलेल्यांची राहून जाई. त्यामुळे लोक खरे जगत त्यापेक्षा कमी जगतात असे कोष्टक सांगू लागले. विमा कंपन्यांना हे सोयीचे पडले. माणसे उशिरा मरत, हप्ते जास्त येत, नफा फुगे. सरकारने मात्र १८०८ पासून याच कोष्टकावर वर्षासने विकली. घेणारे मरेचनात! जॉन फिनलेसन यांनी ही गोष्ट सरकारच्या डोक्यात घातली. विक्री थांबली ती १८२८ मध्ये. वीस वर्षे एका देशाचा खजिना गळत राहिला, आणि कारण काय, तर एका गावच्या वहीत काही बाळांची नावे नव्हती. पुढे १८४८ मध्ये लंडनला विमागणितींची संस्था निघाली, तिचे पहिले अध्यक्ष हेच फिनलेसन.

आता आपल्या देशाकडे या. १८१८ साली कलकत्त्यात विम्याची कंपनी निघाली, पण ती मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी. पुढे हिंदी माणसाचा विमा घेऊ लागले तेव्हा त्याच्याकडून जादा हप्ता घेत. कारण असे सांगत, की आमची कोष्टके विलायतेची, आणि तुमचे लोक किती जगतात याची नोंद कुठे आहे? यात तिरस्कार किती आणि खबरदारी किती, हे वेगळे करणे कठीण आहे. दोन्ही होते. नोंद नव्हती हे खरे, आणि नसलेल्या नोंदीचा भुर्दंड आपल्या माणसाच्या विधवेला बसत होता, हेही खरे. १८७० मध्ये मुंबईला बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने हिंदी माणसांचा विमा नेहमीच्या दराने घ्यायला सुरुवात केली. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल कंपनी निघाली.

मग जनगणना आल्या. १८८१ पासूनच्या जनगणनांवरून हिंदुस्थानची आयुर्मानाची कोष्टके होऊ लागली. पहिली कोष्टके हार्डी नावाच्या इंग्रज विमागणितीने केली. ती वाचताना छातीत धस्स होते. १९०१ ते १९११ या दशकात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुष्य २३ वर्षांच्याही आत. पुढच्या दशकात १९१८ चा इन्फ्लुएंझा आला आणि पुरुषांचा आकडा २० च्याही खाली घसरला. इथे एक खुलासा करायला हवा. सरासरी २३ म्हणजे माणसे तेविसाव्या वर्षी मरत, असे नव्हे. पहिल्या पाच वर्षांत मुले इतकी जात, की सरासरी खाली ओढली जाई. त्यातून तरलेला माणूस पन्नाशी-साठी पाही. तुमच्या आजीच्या आईला विचारले असते तर तिने झालेली मुले आणि राहिलेली मुले असे दोन आकडे सांगितले असते. आज हे सरासरी आयुष्य सत्तरच्या आसपास आहे.

१९१२ च्या कायद्याने विम्याचे दर आणि कंपनीचे वेळोवेळचे मूल्यमापन विमागणितीने प्रमाणित केले पाहिजे असे ठरले. मग आपल्यातले विमागणिती हवेत, ही गरज उघड झाली. शिक्षण कुठे? विद्यापीठात नव्हे. लंडनच्या संस्थेच्या परीक्षा द्यायच्या, पुस्तके मागवायची, दिवसा कचेरीत काम आणि रात्री अभ्यास. पाच-सात वर्षे जात, कित्येकांची त्याहून जास्त. अशा तयार झालेल्यांपैकी एल. एस. वैद्यनाथन यांचे नाव घेतलेच पाहिजे. १९३१ च्या जनगणनेची आयुर्मानाची कोष्टके त्यांनी केली. शिवाय ओरिएंटल कंपनीच्या १९२५ ते १९३५ या काळातल्या विमेदारांच्या अनुभवावरून त्यांनी हिंदी विमेदारांचे कोष्टक सिद्ध केले. आपल्या माणसांच्या आयुष्याचा हिशेब आपल्या माणसाने, आपल्याच कंपनीच्या वह्यांवरून केला. हे कोष्टक पुढे कित्येक वर्षे विम्याच्या कामात आधार म्हणून वापरले गेले.

१९४४ मध्ये विमागणितींची भारतीय संस्था निघाली. १९५६ च्या जानेवारीत चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. महामंडळाने पुढे आपल्या विमेदारांवरून नवी कोष्टके काढली. २००६ च्या कायद्याने भारतीय विमागणिती संस्थेला आजचे वैधानिक रूप मिळाले.

तर आपली मुलगी आता काय शिकणार? विद्यापीठांनी या विषयाला जागा दिली ती तशी उशिराच. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी विद्यापीठाने १९६८ च्या सुमारास हा अभ्यासक्रम सुरू केला, हे आधीच्या उदाहरणांपैकी एक. आज आपल्याकडेही विद्यापीठे पदव्युत्तर पदवी देतात. संभाव्यता, चक्रवाढ व्याज, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि त्यांच्या जोडीला ते कोष्टक, असा अभ्यास असतो. पालकांनी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. एम.एस्सी. झाली म्हणजे विमागणिती झाली, असे होत नाही. त्यासाठी संस्थेच्या परीक्षा निराळ्या द्याव्या लागतात. पदवीमुळे काही विषयांत सूट मिळू शकते, पण ती कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला आहे, हे फी भरण्याआधी विचारून घ्यावे. मुलगी हुशार असली तरी काही परीक्षांत एक-दोनदा नापास होईल. त्याने घरात काळजी पसरू देऊ नये. या परीक्षांत ते नेहमीचेच आहे.

काम फक्त आयुर्विम्याचेच असते असेही नाही. निवृत्तिवेतन, आजारपणाचा विमा आणि आपल्या जिव्हाळ्याचा पीक विमा, सगळीकडे हाच हिशेब. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत खरिपाच्या धान्याला आणि गळिताच्या पिकांना शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या २ टक्के ठरला. जोखमीचा खरा दर पुष्कळ ठिकाणी याहून बराच जास्त असतो; मधला फरक केंद्र आणि राज्य सरकार भरते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये तर शेतकऱ्याने एक रुपया भरावा अशी सवलत निघाली, ती २०२५ मध्ये बंद झाली. कोणी किती भरायचे हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. पण खरा दर किती, हा विमागणिताचा प्रश्न, आणि तो सुटतो गावच्या शिवारात केलेल्या पीक कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर. बांधावर उभे न राहता कचेरीत बसून आकडा भरला, तर नॉर्दॅम्प्टनची गत इथे होते.

गावच्या मरणाचीही तीच गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या, कोतवाल बुक, गाव नमुना १४, यांची पाने आज लोक वेगळ्याच कामासाठी शोधत असतात. त्यांत कितीतरी जन्म राहून गेलेले दिसतात. मुलींचे तर विशेष. १९६९ च्या कायद्याने जन्म आणि मृत्यूची नोंद सक्तीची झाली, एकवीस दिवसांच्या आत कळवायची. तरी आजही लांबच्या वाडीतले म्हातारे माणूस गेले, दाखल्याची कोणाला गरज पडली नाही, तर नोंद मागे पडते.

म्हणून सरकारने साठाच्या दशकात नमुना नोंदणीची पद्धत सुरू केली. देशभर निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत एक स्थानिक माणूस, पुष्कळदा गावचा शिक्षकच, वर्षभर प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपून ठेवतो. दर सहा महिन्यांनी बाहेरून एक पर्यवेक्षक येतो. तो शिक्षकाची वही न बघता घरोघर जाऊन स्वतःची यादी करतो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून नाव नाव जुळवतात. जे नाव एका यादीत आहे आणि दुसरीत नाही, त्याच्यासाठी पुन्हा त्या घराच्या दारात जाऊन विचारले जाते.